आवाजाचा परवाना

माझ्या पुतण्याला डुकरं पळून जायला नको आहेत आणि मला ती पळायलाच हवी आहेत. एवढ्या एका फरकापायी आम्ही काका-पुतणे दोन देशांत दोन सरकारांच्या दारात बसून आहोत. तो टेक्सासमध्ये, मी नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात. त्याच्याकडे बंदूक केव्हाच आली आहे. तिचा आवाज दाबणाऱ्या नळकांड्याची, म्हणजे सायलेन्सरची, मंजुरी यायची आहे. माझी अजून बंदूकच यायची आहे, आणि मला तिच्यातला हवा आहे तो फक्त आवाज. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, तिकडे शनिवारची रात्र असते. पहिलं वाक्य ठरलेलं.

"काका, तुमचं आलं का?"

"नाही. तुझं?"

"नाही."

मग हवापाणी, वहिनींचे गुडघे, पोरांच्या परीक्षा.

माझं रान रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत येतं. हे अंतर मी हौसेनं मोजलेलं नाही, कायद्यानं मोजायला लावलं. अभयारण्य १९८० सालचं, क्षेत्रफळ अवघं २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा माळावर काळविटांचं भागत नाही. ती आमच्या रानात उतरतात, ज्वारीचे कोवळे कोंब खुडतात आणि उन्हं वर आली की निघून जातात. त्यांच्यावर माझा राग नाही. एखाद्या नरानं शिंगं मागे टाकून मान वर केली की दगड उचललेला हात आपोआप खाली येतो. रानडुकरांचं तसं नाही. ती खातात थोडं आणि उकरतात फार. रात्रीतून कळप भुईमुगात शिरला तर सकाळी वावर नांगरून टाकल्यासारखं दिसतं. मका तर ती खाण्याआधीच आडवी करतात. कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि त्यांना दिवसभर पडून राहायला गारवा मिळाला. पाणी आम्हीच मागितलं होतं, तेव्हा त्याबद्दल तक्रार करता येत नाही.

वडिलांच्या काळी राखण म्हणजे आवाज. चार खांबांवर माळा, वर घोंगडी, हाताशी गोफण आणि पत्र्याचं डबडं. अंधारात काही हललं की हाळी द्यायची. शेजारच्या माळ्यावरून उलट हाळी यायची, तिच्या पलीकडून तिसरी. माणसं जागी आहेत हे डुकरांना कळायचं, आणि आपण एकटे नाही हे राखणदारालाही. गोफणीचा दगड क्वचितच कशाला लागे. खरं काम करायचा तो सटका. आसुडाचं टोक आवाजाच्या वेगापुढे, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या पुढे गेलं की हवा कडाडते. गोफणीच्या सुटलेल्या दोरीचंही तत्त्व तेच. वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. दोरीच्या शेवटाला अंबाडीचा केवढा झुपका ठेवला की कडाका ओढ्यापर्यंत जातो, ते मात्र त्यांना नेमकं ठाऊक होतं.

आता माळ्यावर झोपायला कोणी उरलेलं नाही. पोरं पुण्याला, चाकणला. एक पार टेक्सासला. त्यांच्या जागी यंत्रं आली. एका बांधावर सौर झटका, दुसऱ्यावर कुत्र्यांचं भुंकणं लावलेला भोंगा, तिसऱ्यावर सुतळी बॉम्ब. मधे कार्बाईड गन निघाली: प्लास्टिकच्या पाइपात कॅल्शियम कार्बाईड, त्यावर पाणी, तयार होणाऱ्या वायूला लायटरची ठिणगी, की दणका. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ भागात मुलांनी तीच फटाका म्हणून उडवली आणि कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. सुट्टीत माझी नातवंडं इथे येतात. मी तो पाइप घरात आणला नाही. कोणी कोणी रानाभोवती तार ओढून रात्री तिच्यात वीज सोडतात. त्या तारेला डुक्कर आणि शेजारी यांतला फरक कळत नाही, आणि असं करणाऱ्याशी मी बोलत नाही.

भोंग्याचं काय झालं ते सांगतो. पहिल्या काही रात्री कळप फिरकला नाही. पुढची अमावास्या आली तेव्हा भोंग्याच्या खांबाखालचाच भुईमूग उकरलेला होता. ज्या आवाजामागून काही येत नाही, तो आवाज जनावर लवकर ओळखतं. माणूसही ओळखतो, नुसत्या ओरडणाऱ्या मास्तरचं वर्गात काय होतं ते मी नोकरीभर पाहिलं. म्हणून माझा हिशेब असा की आवाजामागे खरंच काहीतरी आहे हे कळपाला एकदा पटावं, मग हंगामभर नुसत्या बारावर भागेल. मला डुक्कर मारायचं नाही. आमच्या घरात माळ घातलेली माणसं आहेत, मारलेल्या डुकराचं करायचं काय हाही प्रश्नच.

गंमत अशी की हा हिशेब कायद्यानं माझ्याआधी मांडून ठेवला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पीक संरक्षणाचा उल्लेख येतो, आणि त्यासाठी जी बंदूक सांगितली आहे ती ठासणीची. तोंडाकडून दारू भरायची, बोळा ठासायचा, छर्रे टाकायचे, पुन्हा ठासायचं. तेवढ्यानं भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तरच वीस इंचांची किंवा त्याहून लांब, आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. हे कलम ज्या कोणी लिहिलं त्याला शेतकऱ्याची गरज बरोबर कळली होती. ठासणीच्या बंदुकीचा एक बार काढून दुसरा भरेपर्यंत कळप शीव ओलांडून गेलेला असतो. मारायला ती जवळपास निकामी आणि दणका द्यायला उत्तम.

अर्ज मात्र ठासणीच्या काळातला राहिलेला नाही. २०१६ च्या नियमांपासून सगळं संगणकावर. परवानाधारकाला देशभरात एकच ओळख क्रमांक मिळतो. फोटो, सातबारा, डॉक्टरचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. निवृत्तीनंतर पुन्हा कशात तरी पास व्हावं लागलं याचं मला बरं वाटलं. पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यावा आणि तो पोचल्यावर ६० दिवसांत निर्णय व्हावा, असं नियमांत लिहिलं आहे. मी शिक्षक होतो, तेव्हा लिहिलेलं आणि झालेलं यांत किती अंतर पडतं ते माझ्या परिचयाचं आहे.

चौकशीला हवालदार घरी आले. चहा घेतला, वही उघडली.

"गुरुजी, कुणाशी वैर?"

"नाही."

"भाऊबंदकी?"

"बांधावरून एकदा झाली होती. मिटली."

"जिवाला धोका कुणाकडून?"

"नाही."

"मंग बंदूक कशाला पायजे?"

"डुकरांसाठी."

त्यांनी पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं. नंतर पोलीस पाटलांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "अवो, धोका हाय म्हणायचं. जिवाला धोका म्हणलं की फाईल पळती." पण त्या वाटेनं जाणाऱ्याची पंचाईत वेगळीच. आपल्याला कोणीतरी मारायला टपलेलं आहे हे सिद्ध करायचं, आणि त्याच दमात आपल्या मनात कोणाला मारायचं नाही हेही. मला एकच गोष्ट सिद्ध करायची होती, ती रोज रात्री वावरात येऊन आपला पुरावा सोडून जात होती.

मग दहा किलोमीटर आडवे आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचं चौतिसावं कलम सांगतं की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या परिघात शस्त्राचा नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती हवी. त्यांचं कार्यालय नागपूरला. म्हणजे कर्जतच्या डुकरांचा कागद नगरला आणि नगरचा नागपूरला. शिवाय बंदूक हाती आली म्हणून डुकरावर झाडता येत नाही. २०१५ साली राज्य सरकारनं रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी सशर्त परवानगीची वाट काढली, ती वनखात्याच्या दारातून जाते आणि तिचा अर्ज निराळा. या सगळ्याला मी नावं ठेवत नाही. रेहेकुरीला काळवीट उरलं ते अशा आडव्या येणाऱ्या कलमांमुळेच. फक्त माझ्या भुईमुगाला नागपूरचा पत्ता ठाऊक नाही.

आमच्या जिल्ह्यात सरकारनं बंदुकीला बिचकून असणं काही आजचं नाही. भागोजी नाईक हा नगरच्या पोलिसांतलाच माणूस. सरकारशी बिनसल्यावर भिल्लांना घेऊन डोंगरात गेला, आणि ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोट्याजवळच्या चकमकीत पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला. पुढं दोन वर्षं भागोजी हाती लागला नाही. नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरला फ्रँक साउटरच्या तुकडीनं त्याला गाठून मारलं. ज्याच्या हाती आपणच हत्यार दिलं तोच ते घेऊन समोर उभा राहतो, हा धडा इंग्रजांनी देशभर घेतला. १८७८ मध्ये लॉर्ड लिटननं शस्त्र कायदा आणला तेव्हा भारतीयांना परवाना सक्तीचा झाला आणि गोऱ्यांना त्यातून सूट मिळाली. तेव्हापासून ज्याच्या भिंतीवर बंदूक तो सरकारच्या विश्वासातला, अशी एक समजूत गावोगाव बसली. ती अजून उठलेली नाही. वरातीत हवेत बार काढणारे मिरवायचे ते हेच. २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठरवल्या आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाचांवर नेली. मी अर्ज केल्याचं कळल्यावर दोघातिघांनी माझं अभिनंदन केलं. डुकरांबद्दल कोणी विचारलं नाही.

पुतण्याच्या गावी हे सगळं उलटं आहे. त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं आणि दुकानात जाऊन रायफल आणली. माझ्या पिढीला हे अजून नीट कळत नाही. शहराबाहेर त्याच्या मित्राचं रान आहे, रान कसलं, आमच्या तीन वाड्या बसतील एवढं. तिथंही रानडुकरंच. स्पॅनिश लोकांनी जहाजातून आणलेल्या डुकरांची आणि पुढं शिकारीसाठी युरोपातून आणून सोडलेल्या रानडुकरांची ती मिसळ. एकट्या टेक्सासात ती २५ लाखांच्या वर असल्याचा अंदाज दिला जातो. खासगी जमिनीवर मालकाची संमती असली की मारायला शिकारीचा परवाना लागत नाही, संख्येची मर्यादा नाही. अडचण एकच: पहिला बार झाला की कळप उधळतो. एक पडतं, वीस पळतात, आणि पळालेली शहाणी होतात. म्हणून त्याला आवाज दाबायचा आहे.

सायलेन्सर काय करतो हे त्यानं मला फोनवर समजावलं आणि मी नंतर वाचलं. गोळीच्या मागून दारूचा जळता वायू प्रचंड दाबानं नळीच्या तोंडाशी एकदम मोकळा होतो, त्याचा तो दणका. नळीपुढे आणखी एक नळकांडं बसवायचं आणि आत आडव्या चकत्यांनी खोल्या पाडायच्या. वायू खोलीखोलीतून जाताना पसरतो, थंड होतो, आणि बाहेर पडतो तेव्हा त्याचा जोर गेलेला असतो. आवाज साधारण २५ ते ३० डेसिबलनं उतरतो. सिनेमात ऐकू येते तशी फुसकी काही निघत नाही. रायफलीचा बार १६० डेसिबलच्या आसपास, तो १३० च्या घरात येतो. १४० च्या पुढचा एकच आवाज कान कायमचा बिघडवू शकतो, म्हणून हा फरक मोठा. आणि गोळी स्वतः आवाजाच्या पुढे धावत असेल तर हवेतला तिचा कडाका उरतोच. तो गोफणीचा सटका सायलेन्सरला आवरत नाही, हे वाचून मला उगीच आनंद झाला.

या नळकांड्याचा जनक हायरम पर्सी मॅक्सिम. त्याचा बाप हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम, १८८४ च्या मॅक्सिम मशीनगनचा कर्ता. स्वतःच्याच बंदुकीच्या चाचण्या ऐकून ऐकून बाप बहिरा झाला. मुलानं १९०९ मध्ये सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि तीच युक्ती त्यानं मोटारीच्या धुराड्यालाही लावली. पोरानं बापाच्या कानांसाठी केलं असं म्हणायचा मोह होतो, पण तसा पुरावा माझ्याकडे नाही. एवढं खरं की एकाच घरात एका पिढीनं जगाला तो आवाज दिला आणि दुसरीनं तो दाबायची सोय विकायला काढली. सायलेन्सर काढलेल्या बुलेटवरून आमच्या गल्लीतून जाणाऱ्या पोरांना मी हे एकदा सांगून पाहिलं. त्यांना ऐकू आलं नसावं.

अमेरिकेत हे नळकांडं १९३४ पर्यंत सरसकट विकत मिळत होतं. त्या वर्षी राष्ट्रीय बंदूक कायदा आला. टोळीयुद्धांचे दिवस होते आणि सगळा रोख मशीनगनवर होता. सायलेन्सर त्या यादीत मागच्या बाकावर जाऊन बसला. प्रत्येक नगावर दोनशे डॉलर कर बसला. सायलेन्सरची किंमत तेव्हा मूठभर डॉलर, म्हणजे कराचा हेतू वसुलीचा नव्हताच. ती रक्कम पुढं नव्वद वर्षं तीच राहिली आणि १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाली. बोटांचे ठसे, फोटो आणि नोंदणी मात्र कायम. कर गेल्यावर अर्ज करू म्हणून पुतण्या थांबला, आणि त्याच्यासारखे लाखो थांबले होते. झुंबड उडाली. "दोनशे डॉलर वाचवले आणि रांग विकत घेतली," असं तोच म्हणतो.

आपल्याकडे अशी रांगच नाही. १९५९ चा कायदा अग्निशस्त्राची व्याख्या करताना आवाज किंवा झोत कमी करणाऱ्या साधनालाही त्याच व्याख्येत घेतो. पोकळ नळी, आत चकत्या, गोळी नाही की दारू नाही, तरी कायद्याच्या लेखी ती बंदूकच. साध्या माणसाला तिचा परवाना मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. पुतण्याला हे अजब वाटतं. तो म्हणतो, "काका, नॉर्वेत आणि न्यूझीलंडमध्ये तो दुकानात असाच मिळतो. शेजाऱ्याची झोपमोड करू नये म्हणून लोक लावतात. यात गुन्हेगारी कसली?" त्याचं चुकतं असं मी म्हणू शकत नाही. कानाचा मुद्दा तर मला आमच्याच गावात रोज दिसतो.

आमच्याकडे लष्करातून आलेले एक फौजी आहेत. त्यांच्याकडे बारा बोअरची डबलबार, खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान काडतुसं, आणि डावा कान पूर्ण गेलेला. त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडून. नगर जिल्ह्यात असे कान कमी नसतील. बिजापूरची मुलूख-ए-मैदान तोफ ओतली गेली ती नगरला, १५४९ मध्ये, रूमी खान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुर्की कारागिराच्या हाताखाली. वजन सुमारे ५५ टन. तिच्याजवळ पाण्याचा हौद आहे, आणि बत्ती देणारा गोलंदाज कान वाचवायला त्यात बुडी मारायचा असं सांगतात. ती दंतकथा असेल, पण ती रचणाऱ्यानं तोफेचा आवाज जवळून ऐकला असणार. आजही नगरला रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि खारे-कर्जुन्याच्या के. के. रेंजवर गोळाफेकीचा सराव चालतो. सरकारच्या आवाजाला नळकांडं कोणी सुचवत नाही.

तरीही पुतण्याशी माझं पूर्ण जुळत नाही, आणि का जुळत नाही ते मला फौजींच्या बंदुकीमुळे कळलं. त्यांनी बार काढला की सगळं गाव ऐकतं. अंथरुणात पडल्या पडल्या माणसं मोजतात, दिशा ठरवतात. सकाळी पारावर विचारणा होते, "फौजी, रात्री दोन बार काढले?" "दोन." "वड्याच्या अंगाला?" "हां, पाच-सात होती." तिसरा बार झाला असता तर त्याचाही हिशेब द्यावा लागला असता. त्यांच्या परवान्यावर सही एका अधिकाऱ्याची आहे, पण पहारा अख्ख्या गावाचा आहे, आणि तो त्या दणक्यावर चालतो. दणका काढून घेतला की बंदूक फौजी आणि डुक्कर यांच्यातली खासगी बाब होते. टेक्सासात घरं एकमेकांपासून मैलमैल लांब. तिथं ऐकायला मुळात कोणी नाही, तेव्हा आवाज दाबला काय आणि सोडला काय. आमच्याकडे बांधाला बांध लागून आहे. भाऊबंदकी त्याच बांधावर उगवते. तिथं आवाज न होणारी बंदूक कोणाच्याही हाती, अगदी माझ्याही, नको. हवालदारांना मी वैर मिटलं म्हणून सांगितलं, ते खरं आहे. पण ज्या वर्षी ते पेटलेलं होतं, त्या वर्षी मला काय काय सुचत होतं तेही मला आठवतं.

आवाजाबद्दलच्या नियमांचा वेगळाच तिढा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. माझं रान काही रहिवासी भागात मोडत नाही, पण वस्तीवर लहान लेकरं झोपलेली असतात आणि भोंगा लावला की कोणीतरी रागावतंच. डुकरं बरोबर त्याच वेळेत येतात. दिवसा वाजवायला हरकत नाही, पण दिवसा ती उसात घोरत असतात. परवाना आला तरी मध्यरात्री बार काढून वस्ती उठवायची मला लाज वाटेल, हे वाट पाहता पाहता लक्षात आलं. आधी आलं असतं तर कदाचित अर्जच केला नसता. आमच्या हिला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही जागताच की. नुसतं खोकलात तरी पळतील."

हे लिहायला घेतल्यावर पुतण्याची मंजुरी आली. फोनऐवजी त्यानं चित्रफीत पाठवली. रात्रीच्या दुर्बिणीतून काढलेली, हिरवट-पांढरी. मक्याच्या धाटांत कळप चरतोय. एक ठोका ऐकू येतो, दार लोटल्याएवढा. एक डुक्कर बसतं. शेजारचं मान वर करतं, वास घेतं, पुन्हा खाली घालतं. दुसरा ठोका. रविवारी फोनवर तो उत्साहात होता. "काका, पाहिलंत? पहिलं पडलं तरी बाकीची चरतच होती!" मी हो म्हणालो. त्याच्या मित्राचं नुकसान खरं आहे आणि तिथं त्यावर दुसरा उपायही फारसा नसेल. पण ती फीत मी हिला दाखवली नाही.

"तुमचं काय?" त्यानं विचारलं.

माझं नागपुरात. तिथून निघालं तर नगरला येणार. पोलीस पाटील म्हणतात, निवडणूक लागली की आचारसंहितेत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतात; म्हणजे वेळ चुकली तर माझी बंदूक दुकानातून घरी यायच्या आधीच ठाण्याच्या वाटेला लागायची. मी अर्ज मागे घेतलेला नाही. मात्र या रब्बीला ज्वारीच्या चारही अंगांना करडईचे पट्टे टाकले. जुने लोक टाकायचेच. पुढं करडईला भाव राहिला नाही आणि काढणीला मजूर मिळेना म्हणून आम्ही सोडली होती. फुलावर आली की तिच्या काट्यांतून गुरं शिरत नाहीत, डुकरंही तोंड घालायला कचरतात. सध्या तरी कळप पट्ट्याच्या कडेनं फिरून शेजारच्या मक्यात जातो, आणि शेजारी आता मला विचारतोय की बियाणं कुठून आणलं. काढणीला जाड हातमोजे लागतात. ते मी कर्जतच्या सोमवारच्या बाजारातून दोन जोड आणून ठेवलेत, एक त्याच्यासाठी.